इश्यू : निल

नौपाड्यात आमच्या दोन खोल्या पिठाच्या गिरणीच्या बरोबर वर होत्या. सकाळी नऊला गिरणी सुरू झाली की आधी पायाखालची फरशी थरथरायची, मग मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि थोड्या वेळाने तो आवाज इतका अंगवळणी पडायचा की दुपारी गिरणी थांबली तरच आम्ही दचकायचो. खिडकीच्या गजांवर, काकूच्या केसांवर, माझ्या वह्यांवर पिठाचा बारीक थर बसलेला असायचा. ज्वारीचं दळण चालू असलं की वास वेगळा, हरभऱ्याचं असलं की वेगळा. काकू पोळ्या लाटता लाटता नुसत्या वासावरून सांगायची, "कुणाची तरी भाजणी आलीय बघ. धने जास्त पडलेत." शुक्रवारी मात्र सगळं चिडीचूप. वागळे इस्टेटीतल्या कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी, दिवसभर वीज नाही, म्हणून गिरणीही बंद. काका घरी असायचे. सकाळी पिशवी घेऊन बाजारात जायचे आणि बांगडे आणायचे. तिरफळं घातलेली बांगड्यांची आमटी आणि ऊनऊन भात खाऊन ते पेपर तोंडावर ठेवून झोपायचे, आणि त्या शांततेत खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचं बोलणं थेट आमच्या घरात यायचं. आमचंही त्यांच्याकडे जात असणार. म्हणून शुक्रवारी आम्ही हळू बोलायचो.

काका एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. पाने, ड्रिल, हातमोजे, बेअरिंगं, सगळं त्यांच्या ताब्यात. चिठ्ठी आणल्याशिवाय ते कुणाला साधा खिळा द्यायचे नाहीत, आणि दिलेल्या वस्तूला ते 'दिली' म्हणायचे नाहीत, 'इश्यू केली' म्हणायचे. घरात आलेला पहिला इंग्रजी शब्द बहुधा हाच. काकू मराठी सातवी शिकलेली, पण हा शब्द तिने मनापासून उचलला होता. दिवाळीत डबा उघडून ती मला म्हणायची, "दोन लाडू इश्यू केलेत, आता तिसरा मागायचा नाही." मी सातवी-आठवीत असताना एकदा काकांना विचारलं होतं की देणं आणि इश्यू करणं यात फरक काय. काकांनी चष्मा पुसला आणि समजावलं, "अगं, दिलेलं म्हणजे गेलं. इश्यू केलेलं म्हणजे वापरायला दिलं. संध्याकाळी भोंगा झाला की ते जागेवर परत यायला हवं." मी मान डोलावली. पुढे पस्तीस वर्षं डोंबिवलीच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवलं, पण एखाद्या शब्दाचा अर्थ इतका स्वच्छ मला स्वतःला कधी सांगता आला नाही.

मी ठाण्याला आले ती कान दाखवायला. संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी आम्ही चार बहिणी, मी तिसरी. पाच वर्षांची असताना माझा उजवा कान वाहायला लागला तो थांबेना. माझे वडील मला ठाण्याला धाकट्या भावाकडे घेऊन आले. वडिलांना सगळं गाव दादा म्हणायचं, काकाही दादाच म्हणायचे आणि आम्ही पोरीही. महिनाभर औषधपाणी होईल, मग पावसाआधी परत न्यायचं, असं ठरलं होतं. कान बरा व्हायला चार महिने लागले. तोवर जवळची शाळा सुरू झाली होती, काकूने मला निळा फ्रॉक शिवला होता, आणि मी राहिले. कुणी कुणाला काही विचारलं नाही, कुठे कागद झाला नाही, ओटीत घालण्याचा विधी वगैरे काही नाही. काका-काकूंच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. एवढं मला कळायचं, कारण गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असलं की काकूला नारळीभात करायला सकाळी बोलवायचे आणि ओटी भरायच्या वेळी तिला आत काहीतरी काम निघायचं. घरी येऊन ती पदराच्या टोकात बांधून आणलेला पेढा मला द्यायची आणि म्हणायची, "भात छान मोकळा झाला होता हो."

दर मे महिन्यात दादा यायचे. फणसाचे गरे, कोकमं, कुळीथ, एक करंडी आंबे. मी दारात उभी राहून त्यांच्या पिशव्या मोजायची, कारण रिकामी पिशवी जास्त दिसली की मला वाटायचं ती माझ्या कपड्यांसाठी आणलीय. ते चार दिवस राहायचे, मला टेंभी नाक्यापर्यंत फिरवून आणायचे, गावच्या गोष्टी सांगायचे आणि निघून जायचे. ते गेले की मला हायसं वाटायचं आणि लगेच रडू यायचं. दोन्ही खरं होतं. काकू दादांशी कधी समोरासमोर बोलायची नाही. थोरले दीर ते. "दादांना विचार, चहा ठेवू का," असं मला म्हणायची, आणि दादाही शेजारी उभ्या असलेल्या तिच्याकडे न बघता मला सांगायचे, "ठेव म्हणावं." मी दोघांच्या मधे निरोप्यासारखी उभी असायची. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू जात असायचं.

मी नववीत होते त्या वर्षाच्या शेवटी काकूला चक्कर आली. पाण्याची बादली घेऊन जिना चढत होती, ती मधल्या पायरीवर बसली आणि बादली गडगडत खाली गिरणीच्या दारात गेली. कितीतरी महिने तिला अंगावरून जात होतं आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. काका कामावर होते, म्हणून मीच तिला रिक्षाने एका लेडी डॉक्टरांकडे घेऊन गेले. मला बाहेरच्या बाकावर बसवून काकू आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. "गाठी आहेत म्हणतात. पिशवी काढायची," एवढंच म्हणाली आणि केसपेपर माझ्या हातात दिला, "नीट ठेव, काकांना दाखवायचाय."

रिक्षात मी तो वाचला. इंग्रजी वाचता येतं याचा मला तेव्हा फार अभिमान होता. नाव, वय, मग 'मॅरीड ट्वेंटी इयर्स', आणि त्याच्याखाली 'इश्यू : निल'. निल म्हणजे काही नाही, हे मला काकांच्या तोंडून माहीत होतं. पण काकूने डॉक्टरांना काही इश्यू केलं नाही म्हणजे काय, ते कळेना. शनिवारी वाचनालयात गेले तेव्हा तिथल्या टेबलावरचा जाड शब्दकोश उघडला. बाहेर पडणे, वाटणे, नियतकालिकाचा अंक, वादाचा मुद्दा. मी बोट खाली खाली नेत गेले. तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : संतती, अपत्य.

मी कोश मिटला. समोर एक आजोबा पेपर वाचत होते, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी काहीतरी आवाज केला असावा. कागद डॉक्टरांनी लिहिला असला तरी त्यांना मी माहीतच नव्हते. त्यांनी काकूला विचारलं असणार, आणि काकूनेच सांगितलं असणार की नाही, मूल नाही. मी दाराच्या अलीकडे बाकावर तिची चप्पल सांभाळत बसलेली असताना. दहा वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते आता लिहून मिळालं होतं, तेही अशा भाषेत जी घरात फक्त मलाच नीट वाचता येत होती. आणि काकांचा जुना अर्थ आपोआप त्याच्या शेजारी येऊन बसला : वापरायला दिलेलं, परत जायचं असलेलं.

आज माझा नातू उठता-बसता "नो इश्यू आजी" म्हणतो, म्हणजे काही अडचण नाही. त्याच्या तोंडी तो शब्द किती हलका होऊन आलाय. मी हसते. पण पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातली वाटी खाली ठेवावी लागली होती.

घरी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी वेणी मी घालायला लागले. तोवर रोज सकाळी काकू मला पुढ्यात घेऊन बसायची, केसांना तेल चोळत गिरणीवर आलेल्या बायकांच्या नकला करायची. "आता मी मोठी झाले, माझी मी घालेन," म्हटलं. ती कंगवा हातात धरून थोडी थांबली आणि म्हणाली, "घाल." माझी वेणी रोज वाकडी व्हायची. जेवायला बसले की मी पुरे म्हणायची, शाळेतून उशिरा यायची, तिने काही विचारलं तर हो-नाहीत उत्तर द्यायची. ती आजारी होती, तिला उभं राहवत नव्हतं, हे मला दिसत होतं. दिसत असूनही मी तसं वागत होते. या वयात त्याचं समर्थन करण्यात काही अर्थ नाही.

ऑपरेशनची तारीख ठरल्याचं पत्र गेलं तसे दादा आले. त्या वेळी मे नव्हता, आंबे नव्हते. एसटी शीळफाट्याला दोन तास अडकली होती, ते थकून आले आणि न जेवता झोपले. दुसरा दिवस शुक्रवार. जेवणं झाली, काकांनी पेपर उघडला, काकू आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली. दादा काकांना म्हणाले, "विनू, मी काय म्हणतो, कुंदाला मी घेऊन जातो. ऑपरेशन झालं की दोन-तीन महिने सरोजला वाकायचं नाही, उचलायचं नाही. पोरीकडे कोण बघणार? तिकडे तिची आई आहे, बहिणी आहेत. दहावी देवरुखला करेल."

काका बराच वेळ पेपरच्या घड्या घालत राहिले. "तिलाच विचारू," ते म्हणाले. नाही म्हणाले असते तर! मला वाटलं, भोंगा झाला.

"जाते मी," मी म्हटलं. इतक्या पटकन की दादाही चमकले.

काकूचा सुपातला हात थांबला नाही. "बरं," ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून उठली, कॉटखालची माझी ट्रंक भिंतीला धरत धरत ओढली आणि कपडे भरायला लागली. वाकू नको असं तिला कुणी म्हणेना. परकर, शाळेचा युनिफॉर्म, नवीन रुमाल. तिने कपाटातून माझा स्वेटर काढला, त्याची सुटलेली एक गुंडी दातांनी दोरा तोडत तिथल्या तिथे घट्ट केली आणि म्हणाली, "हा वर ठेवते. पहाटे गारठा असतो तिकडे."

त्या स्वेटरशी माझा धीर संपला. "मला सगळं माहितीय," मी ओरडले. "तुझ्या कागदावर लिहिलंय. इश्यू निल."

"म्हणजे?" काकूने काकांकडे बघितलं.

"निल म्हणजे शिल्लक नाही," काका गोंधळून म्हणाले. "इश्यू निल म्हणजे... काही इश्यू केलेलं नाही. औषध वगैरे असेल."

"औषध नाही. मूल. मूल नाही असा अर्थ आहे, मी डिक्शनरीत बघितलाय. आणि डॉक्टरांना कुणी सांगितलं? तूच सांगितलंस ना?"

गिरणी बंद होती. माझा आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला असणार. काकू स्वेटर मांडीवर घेऊन तशीच बसली होती. मग अगदी हळू म्हणाली, "मुलं किती, असं त्यांनी विचारलंच नाही गं. बाळंतपणं किती झाली, विचारलं. मी सांगितलं, एकही नाही. पोटाचं विचारत होत्या, मी पोटाचं सांगितलं. त्यांनी इंग्रजीत काय लिहिलं मला काय कळणार?" स्वेटरची घडी करत ती पुढे म्हणाली, "महिना झाला वाकडी वेणी घालून फिरतेस. मला वाटलं, माझा आजार बघून तुला किळस आली. एकदा विचारायचं तरी होतंस."

मी ट्रंकेची कडी उगाच वरखाली करत राहिले.

"आणि मुलं किती असं विचारलं असतं," काकू म्हणाली, "तरी मी काय सांगितलं असतं, ते मला माहीत नाही." ती उठली. पदर सारखा केला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन दादांच्या समोर उभी राहिली. वीस वर्षांत पहिल्यांदा. "दादा, आज तुम्हाला विचारते, रागावू नका. ही तुम्ही आम्हाला दिलीत, की नुसती ठेवलीत?"

"अगं सरोज..." काका म्हणाले.

"तुम्ही थांबा जरा."

दादांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर घासले. ते बोलायला लागले तेव्हा सवयीप्रमाणे काकांकडेच बघत होते. "विनू, दर मे महिन्यात मी हिला न्यायलाच येतो. हिची आई निघताना बजावते, या खेपेस घेऊनच या. पहिल्या वर्षी आलो, तर मला बघून ही आत पळाली आणि सरोजच्या पाठीमागे लपली. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी हिचा शाळेत नंबर आलेला, पेढे वाटत होतात तुम्ही. त्याच्या पुढच्या वर्षी काय झालं आठवत नाही. असंच काहीतरी." मग त्यांनी मान वळवली आणि काकूकडे बघितलं. "सरोज, पोर देऊन टाकण्याइतकं माझं मन मोठं नाही. पण न्यायचंही माझ्याच्याने झालं नाही. आज ती आपणहून येते म्हणाली, मला बरं वाटायला हवं होतं."

खालून एक सायकल घंटी वाजवत गेली. दादा उठून आत आले, ट्रंकेपाशी बसले आणि काकूने रचलेले कपडे एकेक करून परत कॉटवर ठेवायला लागले. त्यांना घड्या नीट जमत नव्हत्या. "रागाने निघालीय ती," ते म्हणाले. "अशी नाही नेणार मी. ऑपरेशन होईपर्यंत मीही राहतो इथे. पाणीबिणी भरीन."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकू दवाखान्यात दाखल झाली तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंना सांगून बघितलं की कागदावरचं तेवढं बदला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बदलता येणार नाही हो. बाळंतपण झालेलं नाही, हे आम्हाला ऑपरेशनसाठी माहीत असावं लागतं. शब्द आम्ही चुकीचा वापरतो, हे मात्र खरं. सगळ्या कागदांवर हाच लिहितो, सवयीने." काकूने मान हलवली. "असू दे मग," ती म्हणाली.

ही हकीकत दादांनी गावी जाऊन माझ्या आईला कशी सांगितली, सांगितली की नाही, मला कधीच कळलं नाही. पुढच्या सुट्टीत मी गेले तेव्हा आईने मला पाटावर बसवून वाढलं, बहिणी जमिनीवर बसलेल्या. मी पाट बाजूला सारला तर म्हणाली, "बस गो, तू काय रोज येतेस?" तिचा काही दोष नव्हता. तिने कुणालाही काही दिलं नव्हतं आणि तरी तिच्याकडून गेलं होतं. काकूच्या प्रेमाबद्दल लिहायला बसले की मला तो पाट आठवतो आणि लिहिणं थोडा वेळ थांबतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही तिघे दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. एका बाजूला काका, एका बाजूला दादा, मधे मी. काकांनी तीनदा चष्मा पुसला. दादांनी स्टोव्हवर केलेला चहा थर्मासमधून आणला होता, त्यात साखर इतकी होती की तो आम्हा दोघांना पिववेना, पण आम्ही प्यायलो. दहाच्या सुमाराला तिला आत नेलं होतं. बारा वाजून गेले तरी कुणी काही सांगेना. मग दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली.

"पेशंट बरी आहे. गुंगीत आहे अजून. तिच्याबरोबर कोण आहे?"

आम्ही तिघेही उठलो.

"एकालाच सोडेन. बाईमाणूस असलेलं बरं." तिने माझ्याकडे बघितलं. "तू कोण गं तिची?"

पुतणी, असं सांगायला मी तोंड उघडलं. शाळेच्या फॉर्मवर, रेशनकार्डावर, सगळीकडे तेच लिहिलेलं होतं. पण माझ्या आधी माझ्या मागून दादा बोलले.

"मुलगी आहे. पेशंटची मुलगी आहे, सोडा तिला."

काकांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवलेला मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसला. मी मागे वळले नाही. वळले असते तर आत जाता आलं नसतं.

आत फिनेलचा वास होता. काकू पांढऱ्या चादरीत एवढीशी दिसत होती, केस विस्कटलेले, ओठ कोरडे पडून फुटलेले. पाणी द्यायचं नाही, सिस्टर म्हणाली, आणि ओल्या कापसाचा बोळा माझ्या हातात दिला, नुसते ओठ ओले करत राहा. मी स्टुलावर बसले आणि कापूस तिच्या ओठांवरून फिरवला. तिने डोळे न उघडता कपाळाला आठ्या घातल्या, मग तोंड थोडंसं उघडलं. मी कापूस पुन्हा वाटीत बुडवला, पिळला, पुन्हा फिरवला. सिस्टर येऊन नाडी बघून गेली, काका आणि दादा आळीपाळीने दाराच्या काचेतून डोकावून गेले. ती शुद्धीवर येईपर्यंत मी तेच करत बसले होते.